डीव्हीडी-चित्रणाच्या संगणकीय रूपांतरातील इंटरलेसिंगचा प्रश्न : अर्धचित्रांचे विलोपन आणि जतन

सारांश

व्हीएचएस, हाय-एट, मिनी डीव्ही इत्यादी फितींवरून डीव्हीडीवर उतरविलेले चित्रण बहुतांशी इंटरलेस्ड स्वरूपाचे असते. संगणकावर त्याचे रूपांतर करताना पडद्यावर दिसणाऱ्या आडव्या रेषा काढून टाकण्यासाठी जी प्रक्रिया केली जाते, तीत हालचालीविषयीची निम्मी माहिती कायमची नष्ट होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करून, रूपांतरापूर्वी चित्रणाची जात ओळखणे व मूळ अर्धचित्रे अबाधित ठेवणे का आवश्यक आहे, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : इंटरलेसिंग, अर्धचित्र, डीव्हीडी, पाल प्रणाली, फ्रेम-दर, दृक्‌श्राव्य संग्रह.

प्रस्तावना

महाविद्यालयांची ग्रंथालये, नाट्यसंस्थांची कपाटे आणि अनेक घरे यांमध्ये आज एक विलक्षण प्रकारचा ऐवज पडून आहे. स्नेहसंमेलने, एकांकिका स्पर्धा, लावणीचे व भारुडाचे प्रयोग, कीर्तने, मान्यवरांची व्याख्याने यांची चित्रणे १९९० च्या दशकात व्हीएचएस फितींवर आणि पुढे मिनी डीव्ही फितींवर झाली. २००० नंतरच्या दशकात ती डीव्हीडीवर उतरविण्यात आली आणि पुष्कळ ठिकाणी फिती त्याच वेळी रद्दीत गेल्या. परिणामी, ज्या प्रयोगातील कलावंत आज हयात नाहीत, त्या प्रयोगाची एकमेव प्रत म्हणजे एक लिहिण्यायोग्य डीव्हीडी, अशी स्थिती अनेकदा आढळते. अशा चकतीतील माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात साठविलेली असते आणि तो थर काळाच्या ओघात, विशेषतः उष्ण व दमट हवेत, क्षीण होतो. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी वाचण्याची सोयही बहुधा नसते. सबब, हे चित्रण संगणकाच्या हार्ड डिस्कवर आणणे निकडीचे झाले आहे.

हे काम सामान्यतः कसे होते? कोणी उत्साही विद्यार्थी वा कर्मचारी मोफत मिळणारे रूपांतराचे सॉफ्टवेअर चालवितो. तयार झालेल्या फाइलमध्ये नर्तकीच्या हाताभोवती फणीच्या दात्यांसारख्या आडव्या रेषा दिसतात. त्या घालविण्यासाठी तो ‘डीइंटरलेस’ या चौकटीत खूण करतो, रेषा नाहीशा होतात, सर्वांचे समाधान होते आणि चकती टाकून दिली जाते. या प्रक्रियेत नेमके काय गमावले गेले, हे फाइल पाहून कळत नाही. कारण जे गेले ते पडद्यावर दोष म्हणून दिसत नाही, केवळ अनुपस्थित असते. प्रस्तुत लेखाचा विषय हा अनुपस्थितीचा प्रश्न आहे.

इंटरलेसिंगची उत्पत्ती

चित्रपटगृहात सेकंदाला २४ चित्रे दाखविली जातात. परंतु प्रक्षेपकातील झडप प्रत्येक चित्र किमान दोनदा प्रकाशित करते, म्हणून डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही. प्रारंभीच्या दूरदर्शन संचाला ही युक्ती उपलब्ध नव्हती. त्याच्यापाशी चित्र साठवून पुन्हा दाखविण्याइतकी स्मृती नव्हती. जे प्रक्षेपित होई तेच त्या क्षणी काचनळीवर उमटे आणि लगेच विझू लागे. सेकंदाला ५० संपूर्ण चित्रे पाठवावीत तर प्रक्षेपणासाठी लागणारा कंप्रता-पट्टा दुप्पट होई. २५ पाठवावीत तर असह्य लुकलुक होई. यावर निघालेला मार्ग असा की, प्रत्येक वेळी चित्रातील एकाआड एक ओळीच पाठवायच्या : आधी विषम ओळी, नंतर सम ओळी. तंत्रज्ञ या प्रत्येक हप्त्याला फील्ड म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘अर्धचित्र’ हा शब्द वापरला आहे. दोन अर्धचित्रे मिळून एक फ्रेम होते. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित सेवा सुरू केली तेव्हा तेथे दोन प्रतिस्पर्धी पद्धती आळीपाळीने वापरल्या जात होत्या. त्यांपैकी ४०५ ओळींची, सेकंदाला ५० अर्धचित्रांची पद्धती काही महिन्यांतच टिकली आणि बेअर्ड यांची २४० ओळींची, सलग चित्रांची पद्धती मागे पडली.

अर्धचित्रांची संख्या ५० ठेवण्याचे कारण विजेच्या मुख्य पुरवठ्याची कंप्रता हे होते. अमेरिकेत ती ६० असल्याने तेथे ६० अर्धचित्रांची पद्धती रुजली. भारताने ६२५ ओळींची व ५० अर्धचित्रांची पद्धती स्वीकारली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते याच पद्धतीवर, आणि १९८२ मध्ये आलेले रंगीत प्रक्षेपण पाल प्रणालीचे होते. आपल्याकडे विकले गेलेले घरगुती कॅमेरेही बहुधा पाल प्रणालीचेच असत. म्हणून येथील कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणाची डीव्हीडी सहसा ७२० गुणिले ५७६ बिंदूंची, सेकंदाला २५ फ्रेम्सची, म्हणजेच ५० अर्धचित्रांची असते. प्रत्येक अर्धचित्रात २८८ ओळी असतात.

येथे एक मुद्दा नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. इंटरलेस्ड कॅमेरा एक चित्र टिपून त्याचे दोन तुकडे करीत नाही. तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने दोन वेगवेगळे क्षण टिपतो. मात्र प्रत्येक क्षणाच्या निम्म्याच ओळी ठेवतो. म्हणजे ‘फ्रेम’ ही अशा चित्रणात खऱ्या अर्थाने अस्तित्वातच नसते. ती केवळ साठवणुकीची सोय होय.

दाते कोठून येतात

जुन्या काचनळीवर अर्धचित्रे ज्या क्रमाने टिपली त्याच क्रमाने, त्याच वेगाने उमटत; त्यामुळे प्रेक्षकाला ५० क्षणांची अखंड, सुरळीत हालचाल दिसे. आजचा सपाट पडदा सर्व ओळी एकदम दाखवितो. दोन क्षणांच्या ओळी एकाच चित्रात गुंफल्या गेल्या की स्थिर वस्तू नीट दिसते, हलणारी वस्तू मात्र विस्कटते. समजा, रंगमंचावरील नट चौकटीची संपूर्ण रुंदी दोन सेकंदांत ओलांडतो. ७२० बिंदू भागिले १०० अर्धचित्रे, म्हणजे दर अर्धचित्रागणिक तो ७.२ बिंदू पुढे सरकतो. त्याच्या अंगरख्याची कड सम ओळींत एके ठिकाणी आणि विषम ओळींत सात बिंदू पुढे असते. हेच ते दाते. नर्तकीचा हात याहून कितीतरी वेगाने फिरतो, म्हणून तेथे दाते अधिक लांब असतात.

दाते हा चित्रणातील दोष नसून प्रदर्शनातील विसंगती आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. मूळ माहिती शाबूत असते. ती चुकीच्या रीतीने दाखविली जात असते. कोणताही चांगला प्रदर्शक, उदाहरणार्थ व्हीएलसी हा सर्वपरिचित प्रोग्राम, चित्रण दाखवितानाच ही विसंगती दूर करू शकतो आणि मूळ फाइलला हात लावत नाही. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर मात्र आपला निर्णय फाइलमध्ये कायमचा कोरून ठेवते. दोहोंतील हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

रूपांतरापूर्वीची परीक्षा

डीव्हीडीवर २५ फ्रेम्स असल्या म्हणजे त्या इंटरलेस्डच आहेत असे नाही. इंटरलेस्ड नसलेल्या चित्रणावर विलोपनाची प्रक्रिया केल्यास रोग नसताना शस्त्रक्रिया केल्यासारखे होते : ओळी निष्कारण गमावल्या जातात आणि चित्र मऊ पडते. म्हणून प्रथम परीक्षा आवश्यक ठरते. व्हीएलसीमधील डीइंटरलेस हा पर्याय आधी बंद करावा, कारण तो चालू असल्यास दाते लपतात. मग चित्रणातील असा भाग निवडावा जेथे काहीतरी आडवे हलत आहे, आणि एकेक फ्रेम पुढे सरकवीत पाहावे. हालचालीच्या प्रत्येक फ्रेममध्ये दाते असतील तर चित्रण बहुधा खरे इंटरलेस्ड आहे. एकाही फ्रेममध्ये नसतील तर ते सलग चित्रांचे आहे. उभ्या दिशेची हालचाल वा स्थिर वक्ता परीक्षेसाठी निरुपयोगी होय.

‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, या परीक्षेला एक महत्त्वाचा अपवाद आहे. फिल्मवर चित्रित झालेल्या कृतीत दोन्ही अर्धचित्रे एकाच क्षणाची असतात. परंतु फिल्मवरून फितीवर उतरविताना वा पुढे संपादनात जोड्या एका अर्धचित्राने सरकल्या, तर पहिल्या चित्राचा उत्तरार्ध दुसऱ्याच्या पूर्वार्धाशी बांधला जातो आणि हालचालीच्या प्रत्येक फ्रेममध्ये दाते दिसू लागतात. अशा चित्रणाला विलोपनाची गरज नसते. जोड्या पुन्हा योग्य जागी बसविल्या की संपूर्ण ५७६ ओळींचे निर्दोष चित्र परत मिळते. खरे इंटरलेस्ड आणि सरकलेले फिल्मचित्रण यांतील फरक ओळखण्यासाठी अर्धचित्रे सुटी करून पाहावी लागतात. एव्हीआयसिंथ वा एफएफएमपेग यांसारख्या साधनांत ती सोय आहे. सुट्या केलेल्या ५० चित्रांत प्रत्येक चित्रात वस्तू पुढे सरकत असेल तर चित्रण खरे इंटरलेस्ड. दोन-दोन चित्रे एकाच जागी थांबत असतील तर मूळ सामग्री सलग चित्रांची आहे. ही परीक्षा करण्यास पाच मिनिटे लागतात आणि तिच्याइतके निर्णायक दुसरे काही नाही.

फाइलमध्येच लिहिलेल्या खुणांवर विसंबून राहणे योग्य नव्हे. एमपेग-२ प्रवाहात प्रत्येक फ्रेमबरोबर ती सलग आहे की इंटरलेस्ड याची नोंद असते. परंतु घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर आलेले सर्वच चित्रण सर्रास इंटरलेस्ड म्हणून नोंदवीत असत. एफएफएमपेगमध्ये ओळींची तुलना करून निर्णय देणारा एक शोधक आहे. तो उपयुक्त आहे. मात्र व्याख्यानासारख्या स्थिर चित्रणात त्याच्या हाती निर्णय देण्याजोगे फारसे काही लागत नाही.

याच टप्प्यावर अर्धचित्रांचा क्रमही तपासावा. मिनी डीव्हीच्या चित्रणात खालची, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून सुरू होणारी, अर्धचित्रे आधी येतात. पाल डीव्हीडीवर सामान्यतः वरची आधी असतात. डीव्हीवरून डीव्हीडी तयार करताना हा फरक विसरला गेला असेल तर १, २, ३, ४ या क्रमाने टिपलेले क्षण २, १, ४, ३ असे दिसतात. हलणारी वस्तू तीन पावले पुढे, एक पाऊल मागे अशी थरथरते. २५ फ्रेम्सच्या रूपांतरात हा दोष झाकला जातो, म्हणून तो तेथे कोणाच्या लक्षात येत नाही. ५० च्या रूपांतरात तो तत्काळ उघड होतो आणि क्रम उलटा निवडला की पूर्णपणे नाहीसाही होतो.

चित्रपटांच्या डीव्हीडीसंबंधी

विकत मिळालेल्या चित्रपटांच्या डीव्हीडींचा विचार येथे थोडक्यात करतो. कारण त्यांच्या मूळ प्रती अन्यत्र असतात आणि त्यांच्या प्रती करण्याबाबत कॉपीराइट कायद्याचे वेगळे प्रश्न उद्भवतात. पाल डीव्हीडीवर २४ चित्रांची फिल्म २५ च्या वेगाने चालविली जाते. त्यामुळे १४४ मिनिटांचा चित्रपट सुमारे १३८ मिनिटांत संपतो आणि ध्वनी मुद्दाम सुधारला नसल्यास स्वर सुमारे ०.७ अर्धस्वर चढतो. काळी एकमध्ये गायिलेले नाट्यपद पांढरी दोनच्या जवळ जाऊन पोहोचते. संगीताच्या अभ्यासकाने अशा डीव्हीडीवरून गायकाची पट्टी ठरवू नये.

अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीवर चार फिल्मचित्रे दहा अर्धचित्रांवर पसरविलेली असतात : पहिले दोन अर्धचित्रांवर, दुसरे तीनवर, तिसरे दोनवर, चौथे तीनवर. त्यांच्या पाच फ्रेम्स बनतात. पैकी तीन स्वच्छ आणि दोन दात्यांच्या, असा ठराविक फेरा दिसतो. भारतीय चित्रपटांच्याही अनेक डीव्हीडी या पद्धतीच्या निघाल्या. येथे विलोपन न करता फेरा उलटविणे, म्हणजे जादा अर्धचित्रे वगळून सेकंदाला सुमारे २३.९८ चित्रे पुन्हा मिळविणे, हाच योग्य उपाय होय. ज्या डीव्हीडी पालवरून अमेरिकी पद्धतीत अर्धचित्रे एकमेकांत मिसळून बनविल्या गेल्या, त्यांचे मात्र पूर्ण निवारण होत नाही.

विलोपनाच्या पद्धती व त्यांची किंमत

खऱ्या इंटरलेस्ड चित्रणाकडे वळू. सर्वांत सोपी पद्धती म्हणजे दोनपैकी एक अर्धचित्र टाकून देणे आणि उरलेल्या २८८ ओळी ताणून ५७६ करणे. सेकंदाला मिळणाऱ्या १४,४०० ओळींपैकी ७,२०० ओळी येथे थेट कचऱ्यात जातात. देवनागरी मजकुराच्या बाबतीत हिचा परिणाम प्रकर्षाने जाणवतो. शीर्षकातील शिरोरेषा एक ओळ जाडीची असेल तर ती एकाच अर्धचित्रात असते. नेमके ते अर्धचित्र टाकले गेले तर अक्षरे शिरोरेषेविना उरतात. जाडी तीन ओळींची असेल तर एका अर्धचित्रात दोन ओळी आणि दुसऱ्यात एक, अशी वाटणी होते. नऊवारीच्या काठावरील बारीक पट्ट्या, तंबोऱ्याच्या आडव्या धरलेल्या तारा, हार्मोनियमच्या पट्ट्यांमधील फटी यांचीही हीच गत होते.

दुसरी पद्धती दोन्ही अर्धचित्रे मिसळून सरासरी काढण्याची. ती वरवर सौम्य वाटते आणि म्हणूनच तिचा प्रसार फार झाला. दात्यांऐवजी हलणाऱ्या हाताची दोन फिकट, एकमेकांवर पडलेली रूपे दिसतात. फाइल छोट्या पडद्यावर पाहिली तर तेही जाणवत नाही. परंतु ओळी टाकून देण्याच्या पद्धतीत निदान एक क्षण तरी शुद्ध राहतो. मिश्रणात दोन्ही क्षण एकमेकांत विरघळतात आणि त्यांना पुन्हा विलग करणे व्यवहारात अशक्यप्राय होते. प्रस्तुत लेखकाच्या मते संग्रहासाठी ही सर्वांत हानिकारक पद्धती होय, आणि ती निरुपद्रवी दिसते हेच तिचे मोठे वैगुण्य आहे.

तिसरी पद्धती बॉब नावाने ओळखली जाते. प्रत्येक अर्धचित्रातील गाळलेल्या ओळी शेजारच्या ओळींवरून अनुमानाने भरून त्याची स्वतंत्र फ्रेम बनविली जाते. म्हणजे २५ ऐवजी ५० फ्रेम्स मिळतात. हालचालीचे सर्व क्षण टिकतात, पण बारीक आडव्या रेषा आलटून-पालटून दिसू लागल्याने स्थिर वस्तू थरथरतात. या दोषावर उपाय म्हणून चित्राचा जो भाग स्थिर आहे तेथे दोन्ही अर्धचित्रे गुंफायची आणि जो हलतो आहे तेथेच अनुमान करायचे, अशा जुळवून घेणाऱ्या पद्धती विकसित झाल्या. त्यांपैकी यादिफ ही गाळणी मायकेल निडरमायर यांनी लिहिली आणि ती आज बहुतेक मोफत साधनांत आढळते. बीडब्ल्यूडिफ ही तिचीच सुधारित आवृत्ती. तीत बीबीसीच्या संशोधन विभागातील मार्टिन वेस्टन यांच्या पद्धतीचा अंश मिसळला आहे. दोन्ही गाळण्या प्रत्येक अर्धचित्रामागे एक फ्रेम देऊ शकतात. फक्त तो पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. हँडब्रेकमध्ये त्यासाठी बॉब असे नाव दिलेले आहे. मात्र फाइलचा फ्रेम-दर २५ असा बांधून ठेवलेला असेल तर कष्टाने मिळविलेल्या ५० पैकी निम्म्या फ्रेम्स पुन्हा गाळल्या जातात. हा तपशील क्षुल्लक वाटला तरी सारे काम त्यावर अवलंबून असते.

याहून पुढची पायरी हालचालीचा माग काढण्याची. चित्रातील प्रत्येक लहान तुकडा कोणत्या दिशेने किती सरकला याचे गणित करून गाळलेल्या ओळी मागील-पुढील क्षणांतून आणल्या जातात. एव्हीआयसिंथवर चालणारी क्यूटीजीएमसी ही पटकथावजा आज्ञावली या कामी विशेष नावाजलेली आहे. ती अतिशय संथ चालते. पण तिच्यातून निघणारे चित्र यादिफच्या चित्रापेक्षा लक्षणीय स्थिर असते. तिचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवावा : ती चित्रातील खरखर गुळगुळीत करते आणि त्याबरोबर कापडाचा पोत वा रंगभूषेचे बारकावेही काही प्रमाणात पुसले जाऊ शकतात. अलीकडे प्रशिक्षित न्यूरल जालांच्या आधारे ओळी भरणारी साधनेही उपलब्ध झाली आहेत. ती डोळ्यांना सुखावतात. तथापि, त्यांनी भरलेली ओळ ही पुरावा नसून तर्क आहे, याचा विसर पडता कामा नये.

जुन्या फितींचे विशेष मूल्य

व्हीएचएसवरून आलेले चित्रण मुळातच अस्पष्ट असते. त्यात इतकी काळजी घेऊन काय मिळणार, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप वरकरणी सयुक्तिक वाटला तरी त्यात एक गोष्ट सुटते. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेचा तपशील फार कमी, सुमारे २४० रेषांइतका असतो आणि रंग तर त्याहून ढोबळ. परंतु काळाच्या दिशेने ती कोणत्याही व्यावसायिक फितीइतकीच समृद्ध असते : तिच्यावरही सेकंदाला ५० क्षण नोंदलेले असतात. म्हणजे या गरीब माध्यमाने जी एक गोष्ट पुरेपूर जपली ती हालचाल होय. आणि २५ फ्रेम्सचे रूपांतर नेमकी तीच निम्मी करते.

प्रयोगकलांच्या अभ्यासात याचे मोल किती, हे एका हिशेबावरून दिसेल. ढोलकीवादक द्रुत लयीत सेकंदाला दहा आघात करीत असेल तर ५० क्षणांच्या चित्रणात प्रत्येक आघाताला पाच चित्रे येतात : बोट उचलले, खाली आले, शाईवर टेकले, सुटले, परतले. २५ च्या चित्रणात अडीच येतात, आणि बोट टेकल्याचा क्षण त्यांत असेलच याची शाश्वती नाही. लावणीतील पदन्यास, दशावतारातील गिरकी, मल्लखांबावरील पकड बदलण्याची क्रिया, यांविषयीही असेच म्हणता येईल. गुरूची हातोटी चित्रणावरून शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला जे हवे असते, ते या मधल्या क्षणांतच दडलेले असते. चेहऱ्यावरील बारकावा व्हीएचएसने कधीच टिपला नाही. बोटांची चाल मात्र टिपली आणि ती गेली तर तिच्यासाठी दुसरा पुरावा नाही.

प्रक्रियेचा क्रम

विलोपनापूर्वी चित्राची उंची बदलणे ही सर्वांत गंभीर चूक होय. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका नाट्यसंग्रहातील सर्व फाइल्स दाते तसेच ठेवून ५७६ वरून ४८० ओळींवर आणलेल्या होत्या. अशा फाइलमध्ये सम-विषम ओळी एकमेकांत कालवल्या जातात, दात्यांचे रुंद पट्टे बनतात आणि मग जगातील कोणतीही गाळणी अर्धचित्रे सुटी करू शकत नाही. मूळ चकत्या शिल्लक नसल्याने तेथे करण्यासारखे काही उरले नव्हते.

काटछाटीचेही तसेच. व्हीएचएसच्या चित्रात तळाशी काही ओळी फाटलेल्या दिसतात, म्हणून त्या कापण्याचा मोह होतो. विलोपनाआधी वरून विषम संख्येने ओळी कापल्या तर वरचे अर्धचित्र खालचे होते आणि क्रम उलटतो. रंगाची माहिती डीव्हीडीवर निम्म्याच ओळींत आणि तीही अर्धचित्रागणिक साठविलेली असल्याने कापायच्या ओळी चारच्या पटीत असणे इष्ट. खरे तर आधी विलोपन आणि नंतर काटछाट हाच क्रम निर्धोक होय. इंटरलेस्ड चित्रण सलग समजून पुन्हा संक्षेपित केल्यासही हानी होते. संक्षेपक दात्यांना चित्रातील तपशील समजून त्यांच्यावर जागा खर्च करतो आणि शेवटी तेही नीट जपत नाही; रंगांच्या कडांवर तर हमखास पायऱ्या उमटतात.

जतनाची प्रत आणि पाहण्याची प्रत

यावरून निष्पन्न होणारी व्यावहारिक रीत साधी आहे. चकतीची जशीच्या तशी प्रतिमा-फाइल प्रथम घ्यावी, किंवा निदान त्यातील एमपेग-२ प्रवाह कोणताही नवा संक्षेप न करता एमकेव्ही या वेष्टनात उतरवून ठेवावा. ही जतनाची प्रत. तिच्यात विलोपन करू नये, आकार बदलू नये, रंग उजळवू नयेत. ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रफीत-जतनाच्या मार्गदर्शिकेचा रोखही मूळ स्वरूप कायम राखण्याकडेच आहे. जागेची सबब आज पटण्याजोगी राहिलेली नाही : एका एकस्तरीय डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट, म्हणजे एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशेहून अधिक चकत्या मावतात. मूळ फीत हाती असेल व चालत असेल तर डीव्हीडीऐवजी तिच्यावरूनच नव्याने चित्रण उतरविणे अर्थातच श्रेयस्कर, कारण डीव्हीडीच्या संक्षेपात काही गमावलेलेच असते.

पाहण्याची प्रत त्यानंतर, जतनाच्या प्रतीवरून, हवी तेव्हा करावी. खऱ्या इंटरलेस्ड चित्रणासाठी ती सेकंदाला ५० फ्रेम्सची असावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. यासाठी बीडब्ल्यूडिफ पुरेशी आहे. मोजक्या मौल्यवान चित्रणांसाठी रात्रभर संगणक चालवून क्यूटीजीएमसी वापरावी. फाइलचा आकार यामुळे दुप्पट होत नाही, कारण लगतच्या फ्रेम्समध्ये साम्य अधिक असल्याने संक्षेप चांगला होतो. विलोपनानंतर चार-तीन प्रमाणाचे चित्र ७६८ गुणिले ५७६ बिंदूंचे करावे. अन्यथा संगणकावर माणसे किंचित अरुंद आणि उंच दिसतात.

विलोपनाच्या पद्धती सुधारत आहेत. २००५ मधील सर्वोत्तम पद्धती आज कोणी वापरणार नाही. अर्धचित्रे शाबूत असतील तर दहा वर्षांनी येणाऱ्या अधिक चांगल्या गाळणीचा लाभ त्याच चित्रणाला मिळू शकेल. दुसरीकडे, २०१२ मध्ये ठरलेल्या अति-उच्च स्पष्टतेच्या दूरचित्रवाणी मानकात इंटरलेसिंगला स्थानच नाही. साहजिकच या विषयाचे व्यावहारिक ज्ञान असणारी माणसे उत्तरोत्तर कमी होत जाणार. म्हणून संग्रहाच्या नोंदवहीत प्रत्येक फाइलपुढे चार गोष्टी लिहिण्याचा प्रघात पडावा : मूळ माध्यम कोणते (व्हीएचएस, मिनी डीव्ही की अन्य), चित्रण इंटरलेस्ड आहे की सलग, वरचे अर्धचित्र आधी की खालचे, आणि पाहण्याची प्रत कोणत्या साधनाने, केव्हा केली. फाइलच्या नावातच ‘५०इ-वर’ किंवा ‘२५स’ अशी संक्षिप्त खूण घातली तरी चालेल. नोंदवही आणि हार्ड डिस्क यांची ताटातूट झाली तर तेवढ्यावरून पुढच्या माणसाला काम सुरू करता येते.